भाकरीचे उपकार

येशूला ज्या रात्री धरून देण्यात आलं, त्याच रात्री जेवताना त्याने भाकर हातात घेतली आणि देवाचे उपकार मानले. त्याला धरून देणारा यहूदा त्या मेजाशीच बसला होता. पुढे काय वाढून ठेवलंय हे येशूला ठाऊक होतं. त्याने विश्वासघाताबद्दल उपकार मानले नाहीत, समोरच्या भाकरीबद्दल मानले. साध्यासुध्या गोष्टींबद्दलची कृतज्ञता ही मोठ्या दुःखावरची फुंकर असते, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. वाईट दिवसांत माणूस खोटं न बोलता जिच्याबद्दल उपकार मानू शकतो, अशी गोष्ट बहुधा लहानच असते.

ही रीत येशूने नव्याने घातली नव्हती. जेवून तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद करावा, हे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात सांगितलेलं आहे, आणि ते सांगितलं गेलं चाळीस वर्षं रानात मान्ना खाऊन जगलेल्या लोकांना. मान्ना रोज सकाळी वेचायचा, त्या दिवसापुरताच. शब्बाथाचा आदला दिवस सोडला, तर उद्यासाठी ठेवलेल्या मान्नात किडे पडत. साठवून ठेवता येत नाही असं अन्न खाणाऱ्याला देणाऱ्याचा विसर पडणं अवघड. चांगल्या देशात, भरल्या घरात गेल्यावर तो पडेल, ही मोशेची खरी काळजी होती. पुढच्या काळात रब्बी मेईर यांनी तर माणसाने दिवसाला १०० वेळा देवाचा धन्यवाद करावा असं शिकवलं. एवढे प्रसंग शोधायचे तर उठणं, पाणी पिणं, फळ हातात घेणं, सगळ्याकडे नीट पाहावंच लागतं.

पौलाने ही सवय घराबाहेर नेली. इ. स. ५०च्या सुमारास थेस्सलनीकातल्या मंडळीला त्याने सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलं, तेव्हा ती मंडळी छळ सोसत होती. छळालाच देणगी म्हणा, असं त्याने सांगितलं नाही. हा फरक पुढे अनेकदा पुसला गेला. गरिबाला, दबलेल्याला ‘आहे त्यात समाधान मान’ असं सांगण्यासाठी पौलाचं नाव वापरलं गेलं, आणि त्यात पौलावर व त्या गरिबावर, दोघांवरही अन्याय झाला.

आरंभीच्या मंडळीत उपकारस्तुतीचा अर्थ काय होता, हे दोन ठिकाणी स्वच्छ दिसतं. ‘दिदाखे’ ही छोटी पुस्तिका फार जुनी आहे. तिचं हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडलं. तिच्यात प्याल्यावर आणि मोडलेल्या भाकरीवर म्हणायच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थना आहेत. दुसरं लेखन हुतात्मा जस्टिन यांचं. इ. स. १५५च्या सुमारास त्यांनी रोमी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली, आणि रविवारच्या सभेत काय चालतं तेही लिहिलं. उपकारस्तुती झाली की भाकर सर्वांना वाटली जाई, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक ती पोहोचवत. ज्यांना शक्य असे ते पैसे देत. त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले, यांचं पाहिलं जाई. हे सगळं एकाच दमात येतं. देवाचे उपकार मानणं आणि भाकर दुसऱ्याच्या दारी नेणं ही त्यांच्या लेखी दोन कामं नव्हती. ख्रिस्ती कृतज्ञतेबद्दल पुढे पुष्कळ सुंदर लिहिलं गेलं, पण माझ्या मते या वर्णनापलीकडे फारसं कोणी गेलं नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठाच्या नियमात कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या बंधूला एक सूचना केली: मठातली सगळी भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजावीत. कुदळ, घागर, पातेलं, सगळंच दिलेलं. त्याच वृत्तीने असिसीचे फ्रान्सिस १२२५च्या सुमारास, दृष्टी जवळपास गेलेली असताना, सूर्य, पाणी आणि अग्नी यांचं स्तोत्र रचत होते.

मग सोळाव्या शतकात विचार आतल्या बाजूला वळला. इग्नेशियस लोयोला यांनी रोज स्वतःचं मन तपासायची पद्धत घालून दिली. तिची पहिली पायरी पापाची कबुली नाही; मिळालेल्या कृपांबद्दल आभार ही आहे. मार्च १५४२मध्ये लिस्बनमधल्या सिमाव रोद्रिगिश यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कृतघ्नतेला सर्व पापांचं मूळ म्हटलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे सहकारी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले आणि हे वळण आपल्या किनाऱ्यावरही पोहोचलं. दिवसभराची लहानसहान देणी रात्री एकेक करून आठवायची, ही फार मोठी शिकवण होती. पण इथे माणूस एकटा आहे. शेजाऱ्याची भाकर या एकांतात आपोआप येत नाही, ती मुद्दाम आणावी लागते.

जर्मनीतल्या आयलनबुर्ग गावचे पाळक मार्टिन रिंकार्ट यांनी ती आणली. देवाचे आभार मानणारं त्यांचं गीत आज जगभर गायलं जातं, आणि मुळात ती जेवणाच्या वेळची एक लहानशी प्रार्थना होती. काळ तीस वर्षांच्या युद्धाचा. १६३७ साली गावात रोगाची साथ आली आणि या पाळकांनी चार हजारांवर माणसांना मूठमाती दिली; त्यांत त्यांची पत्नीही होती. स्वतःची ओढाताण असताना ते भुकेल्यांना खाऊ घालत राहिले.

आज कृतज्ञतेची वही घराघरांत आली आहे. २००३ साली एमन्स आणि मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आठवड्यातून एकदा पाचपर्यंत चांगल्या गोष्टी लिहून काढणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अडचणी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना बरं वाटत होतं. ते खरंच आहे, आणि ज्याला त्याने धीर येतो त्याने जरूर लिहावं. पण ख्रिस्ती माणसाच्या वहीत देणाऱ्याचं नाव हवं, आणि ज्याला अजून मिळालेलं नाही त्याचंही. जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३९ साली ‘एकत्र जीवन’ या आशयाच्या पुस्तकात लहान, रोजच्या देणग्यांकडे दुर्लक्ष करून मोठ्या देणग्यांची वाट पाहणाऱ्यांना सावध केलं. त्याच पुस्तकात ते म्हणतात की भाकर मिळून खाल्ली तर थोडकीही पुरते. कोणी ती स्वतःपुरती राखली की भूक सुरू होते.

आपल्याकडे हे सूत्र शेताने जपलं. गोव्यात कणसांच्या फेस्ताला, राय गावी ५ ऑगस्टला, भाताची नवी कणसं चर्चमध्ये आशीर्वादासाठी येतात. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा कापणीचा सण होतो. अनेक मराठी मंडळ्यांत कापणीच्या सणाला ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव करतात. एखादं अंडं बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातं. घेणारा ते परत देतो आणि बोली पुन्हा सुरू होते. शहरातल्या मंडळ्यांत शेत उरलेलं नाही, म्हणून भाजी मंडईतून आणतात. त्यालाही माझी हरकत नाही. फक्त लिलावाचे पैसे इमारतीच्या रंगरंगोटीत जाऊ नयेत. ज्या घरात त्या आठवड्यात चूल पेटण्याची अडचण आहे, ते घर मंडळीने आधी शोधावं आणि पैसे तिथे न्यावेत.