राजाचा हात कुठवर पोचतो?

इतिहासाच्या पुस्तकात एक गोष्ट फार कौतुकानं सांगतात. राजा मोठा झाला, सरदार वाकले आणि रयत सुटली. फ्रान्सच्या राजांनी हेच केलं म्हणे. फिलिप ऑगस्टसनं (११८०–१२२३) मुलखात आपले पगारी अंमलदार नेमले. पुढं १३१५ साली दहावा लुई म्हणाला, माणूस जन्मतः स्वतंत्र आहे. आणि आपल्या भूदासांना सांगितलं, पैसे भरा नि सुटा!

आपल्या मराठवाड्यात हे काम पहिल्या सालारजंगानं केलं. १८५३ ला तो निजामाचा दिवाण झाला तेव्हा वसुली इजारदार-सावकारांच्या घशात होती. त्यानं ती काढून घेतली, १८६५ ला जिल्हाबंदी केली, पगारी तालुकदार बसवले. कारभार म्हणून हे मोठंच काम, ते नाकारायचं कारण नाही. पण तालुकदाराचा हुकूम गावात उतरायचा तो पाटील-कुलकर्ण्याच्याच हातून. पाटलाचा सांगावा घेऊन पळायचा महार. रात्री वेशीवर जागायचा तोच. राजा बदलो नाहीतर दिवाण, त्याची वेठ काही सुटली नाही.

मग अशा सत्तेचे उपकार मानायचे का? बाबासाहेबांनी मानले नाहीत, हिशेब मागितला. १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्यांनी महार वतनाचं बिल आणलं. राबवून घ्यायचं सरकारनं आणि भाकर मागायची गावाच्या दारात, हा व्यवहार त्यांना मोडायचा होता. पुढं घटनेतही एकक धरला तो माणूस, गाव नव्हे.

फ्रान्सच्या राजाचं सरदारांशी वैर तरी होतं. इथं पाटीलच मुंबईला जाऊन सरकारात बसला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून आपली घरं जळाली. बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षं सरकार गावाच्या तोंडाकडं बघत बसलं.

१९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आपल्या हातात आहे. त्याचा तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही, असा १९९५ चा नियम. म्हणजे गावाजवळच्या ठाण्यावर सरकारचाच भरवसा नाही! तरी फिर्याद बहुतेकदा आधी तिथंच दिली जाते. मुकुंदवाडीत बसून आपण कलमं पाठ करतो. पुढचं प्रकरण येईल तेव्हा त्या गावात जा, आणि पंचनाम्याखाली पंच म्हणून कुणाच्या सह्या आहेत ते वाचा.