सोयरा हे नाव पाळण्यात का नाही?

संस्कृतातला 'सोदर' म्हणजे एका उदरातला. प्राकृतातून त्याचेच 'सोयरा' झाले. पुढे गंमत पाहा, एका उदराचा हा शब्द जात पाहून जुळवायच्या सोयरिकीला लागला! मंगळवेढ्याच्या चोखोबांची पत्नी सोयराबाई. देहाला विटाळ म्हणणाऱ्यांना तिने अभंगातून विचारले की विटाळावाचून देह जन्मला कुणाचा? शिवछत्रपतींच्या राणीचे, राजाराममहाराजांच्या मातोश्रींचे नावही हेच. तेव्हा नाव काही हलके नव्हे. तरी लोअर परळच्या एका चाळीत बारशाला मी ते सुचविले, तर आजीबाई पुटपुटल्या, "बुवा, लोक जात विचारतील हो." पोरीचे नाव मुक्ता ठेवले. गोडच नाव, पण त्याच घरात एकादशीला सोयरेचे अभंग टाळ धरून म्हणतात!