औषधाची अमानत आणि सब्रची मर्यादा

वाचकहो, मधुमेहाने ग्रस्त असलेला श्रद्धावंत ‘बिस्मिल्लाह’ म्हणून आपली गोळी घेतो. आजार अल्लाहच्या आदेशाने येतो आणि शिफाही तोच देतो, यावर त्याची दृढ श्रद्धा असते. परंतु साखर आटोक्यात ठेवण्यासाठी घेतलेल्या गोळीनेच हृदयाला इजा केली, तर त्याने काय करावे? तक्दीर समजून मौन पत्करावे, की भरपाईसाठी न्यायालयाचे दार ठोठवावे? आणि दार ठोठावले, तर त्याचे सब्र सुटले असे म्हणायचे काय?

एक घडलेले उदाहरण पाहू. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीच्या ‘अवांडिया’ (रोसिग्लिटाझोन) या मधुमेहावरील औषधास 1999 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मे 2007 मध्ये हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन यांनी 42 चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. हे औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका 43 टक्के अधिक असल्याचे त्यात आढळले. 2010 मध्ये युरोपात त्याची विक्री थांबली, भारतानेही बंदी घातली आणि अमेरिकेने कडक निर्बंध लादले. हजारो रुग्णांनी दावे दाखल केले. 2012 मध्ये कंपनीने अमेरिकेच्या औषध नियामकास अवांडियाच्या सुरक्षिततेविषयीची काही माहिती कळवली नसल्याचा गुन्हा कबूल केला. या आणि अन्य औषधांच्या प्रकरणांत मिळून तिला 3 अब्ज डॉलर भरावे लागले.

पुढील वर्षी मात्र या प्रकरणाने वेगळे वळण घेतले. एका मोठ्या चाचणीची फेरतपासणी झाली. त्यात पूर्वी वाटला होता तितका धोका दिसून आला नाही, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये अमेरिकेच्या नियामकाने बहुतेक निर्बंध उठवले. मग दोष कोणाचा आणि कशाचा?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एक प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तर आतील धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. येथे सूक्ष्मपणे पाहावे. पाऊस पडला हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ओलावा झाकला, हा गुन्हा होता. ते धान्य घरी नेऊन वाळवता आले असते, म्हणून झाकणे निर्दोष ठरत नाही. औषधाचेही तसेच आहे. धोका पुढे कमी ठरला, तरी त्याविषयीची माहिती रोखण्याचा अपराध पुसला जात नाही. कारण निर्णय घेण्याचा हक्क रुग्णाचा होता, आणि ती माहिती त्याची अमानत होती.

इस्लामी धर्मशास्त्रानेही हाच विवेक राखला आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा हानीस जबाबदार ठरतो. मात्र जाणकार वैद्याने रुग्णाच्या संमतीने आणि हयगय न करता उपचार केले, तरीही अपाय झाला, तर फुकहा त्याच्यावर भरपाई लादत नाहीत. मानवी ज्ञान अपुरे असते. अज्ञात धोक्यासाठी कोणास शिक्षा करणे हा न्याय नव्हे. ज्ञात धोका दडवणे मात्र जुलूम आहे.

आता सब्रकडे वळू. सब्र अल्लाहच्या निर्णयापुढे असते. माणसाच्या फसवणुकीपुढे मान तुकवणे म्हणजे सब्र नव्हे. क्षमा करणे श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. परंतु क्षमा तोच करू शकतो, ज्याचा हक्क मान्य झाला आहे. शिवाय एकाचे मौन पुढच्या शंभर रुग्णांना महाग पडू शकते. आपल्या देशाच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही सदोष वस्तूबद्दल आणि पुरेशी सूचना न दिल्याबद्दल उत्पादकावर दायित्व ठेवले आहे. त्याचा आधार घेणे श्रद्धेला बाधक नाही.

तथापि दावा करणाऱ्यावरही तीच कसोटी आहे. पुरावा देणे हे दावेदाराचे कर्तव्य आहे. जुना हृदयविकार दडवून सारा दोष गोळीवर टाकणे, किंवा मोठ्या रकमेच्या मोहाने दुखणे फुगवून सांगणे, हेही ओले धान्य झाकणेच होय. साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली, तरी खरी द्यावी, ही कुरआनची शिकवण केवळ कंपन्यांसाठी नाही.

वाचकहो, भीतीपोटी आपले औषध स्वतःहून बंद करू नका. वाढलेली साखरही डोळे, मूत्रपिंड आणि हृदय पोखरते. त्रास जाणवल्यास डॉक्टरांना निःसंकोच विचारा, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिले जपून ठेवा. आणि आपल्यापैकी जो दुकान चालवतो, औषध विकतो किंवा उपचार करतो, त्याने आपल्या राशीत आज स्वतःच हात घालून पाहावा. आखिरतच्या न्यायालयात झाकलेले काहीच राहणार नाही. अल्लाह आपणास सत्य सांगण्याचे धैर्य आणि सत्य ऐकण्याची कुवत देवो. आमीन.