‘रीझनेबल’ म्हणजे कोणाच्या मापानें?

इंग्रजी कायद्यांत कांहीं शब्द असे आहेत कीं, त्यांच्यावांचून न्यायालयाचा एक दिवसही निभणार नाहीं. ‘रीझनेबल’ हा त्यांतलाच एक. करारांत मुदत लिहिली नसेल तर काम ‘रीझनेबल’ वेळांत पुरें करावें. मालाची किंमत ठरली नसेल तर गिऱ्हाइकानें ‘रीझनेबल’ किंमत द्यावी. रस्त्यानें गाडी हांकणारानें ‘रीझनेबल’ काळजी घ्यावी. आरोपीस दोषी ठरवितांना ‘रीझनेबल’ शंकेस जागा उरूं नये. आणि सरकारनें नागरिकांच्या स्वातंत्र्यास बांध घातलाच, तर तोही ‘रीझनेबल’ असावा. इतकीं ओझीं ज्या एका शब्दाच्या पाठीवर आहेत, त्याचें गांठोडें एकदां सोडून पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

मराठींत हें गांठोडें आपोआपच सुटतें. किंमत असेल तर आपण ‘रास्त’ किंवा ‘माफक’ म्हणूं, शंका असेल तर ‘सयुक्तिक’, मनुष्य असेल तर ‘समंजस’ आणि निर्बंध असतील तर ‘वाजवी’. इंग्रजी शब्दाचें मूळ लॅटिन ‘रेशिओ’ यांत, म्हणजे हिशेबांत व त्यावरून कारणांत आहे. ‘रास्त’ म्हणजे मूळ फारसींत सरळ. ‘वाजवी’ ज्या अरबी ‘वाजिब’वरून आला, त्याचा अर्थ अवश्य करावयाचें तें. तेव्हां या एका शब्दांत निदान तीन प्रश्न दडलेले आहेत. चारचौघे काय करतात? कशाचें कारण देतां येतें? आणि न्याय्य काय? हे तीन प्रश्न एक नव्हेत. परंतु शब्द एकच असल्यामुळें पहिल्याचें उत्तर तिसऱ्याचें म्हणून खपविणें फार सोपें होतें; आणि नीतीच्या दृष्टीनें सारी अडचण येथेंच आहे.

१८३७ सालचा मेन्लव्ह नांवाच्या शेतकऱ्याचा खटला प्रसिद्ध आहे. त्यानें शेजाऱ्याच्या हद्दीलगत गवताची गंजी रचली. ती आंतून तापून पेट घेईल, असें त्याला पुनःपुन्हां बजावण्यांत आलें. पण ‘होईल तें होवो’ म्हणून तो स्वस्थ राहिला. गंजी पेटली आणि शेजाऱ्याचीं घरें जळालीं. त्याच्या वकिलानें सांगितलें कीं, अशिलानें आपल्या बुद्धीप्रमाणें प्रामाणिकपणें वर्तन केलें. ती बुद्धि तोकडी, हा कांहीं त्याचा गुन्हा नव्हे. मुख्य न्यायाधीश टिंडल यांनीं हें मानलें नाहीं. प्रत्येकाच्या स्वतःच्या समजुतीचें माप धरलें, तर तें प्रत्येकाच्या पावलाच्या लांबीप्रमाणें बदलत जाईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्याचें घर जळतें त्याला जाळणाराच्या मंदबुद्धीचा हिशेब सांगून काय उपयोग? म्हणून कायद्यानें एका काल्पनिक समंजस माणसाचें पाऊल गजाप्रमाणें प्रमाण मानलें.

हा माणूस पुढें ‘क्लॅपहॅमच्या बसमधला उतारू’ म्हणून ओळखला जाऊं लागला: लंडनच्या उपनगरांतला, ना फार शहाणा ना फार वेडा. पण त्या बसमध्यें कोण बसलें आहे, इतकेंच कोण बसलेलें नाहीं, हेंही पाहावयास पाहिजे. ए. पी. हर्बर्ट यानें एका विनोदी, काल्पनिक खटल्यांत असें दाखविलें कीं, इंग्रजी कायद्याच्या ग्रंथांत समंजस पुरुष जागोजाग आढळतो, समंजस स्त्रीचा मात्र पत्ता नाहीं. विनोद खरा, पण बोंच त्याहून खरी. ज्याच्या अनुभवावरून गज बनला, त्यालाच तो बरोबर बसतो.

कायद्यानेंही हें कधीं कधीं ओळखलें आहे. १९२८ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सीच्या किनाऱ्यापाशीं वादळांत कोळशानें भरलेले दोन पडाव बुडाले. ते ओढणाऱ्या आगबोटींवर हवामानाची सूचना ऐकण्याजोगा चालू रेडिओ नव्हता. तसा रेडिओ ठेवण्याचा त्या धंद्यांत सार्वत्रिक प्रघात नाहीं, असा मालकांचा बचाव होता. १९३२ सालीं न्यायाधीश लर्नेड हँड यांनीं तो नाकारला. सगळा धंदाच मागें रेंगाळलेला असूं शकतो, असें त्यांनीं बजावलें. चारचौघांचा प्रघात आणि विवेक यांची गांठ येथें स्पष्ट सुटली.

ही गांठ न्यायालयाबाहेर किती घट्ट असते, हें आम्हांस वेगळें सांगावयास नको. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरूडच्या मंडळींनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या गांवच्या ‘बसमधल्या उतारूस’ विचारलें असतें, तर अविचारी कोण याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसती. आणि घरोघर काय चालतें? भांडण दोघांचें असतें. परंतु ‘तूं तरी समंजसपणा दाखीव’ हें वाक्य बहुधा ज्याचा आवाज लहान त्यालाच ऐकावें लागतें. त्याची समजूत हा दुसऱ्याचा फायदा होतो. जो शब्द दोघांना बांधावयाचा, तो एकाच्याच गळ्यांत पडतो.

मग हा शब्द टाकून प्रत्येक गोष्टीचा कांटेकोर नियम करावा काय? तसें केल्यास नियम ज्याच्या कल्पनेंत नव्हता तें संकट उभें राहतांच तो लटका पडेल. भारताची घटना तयार होत असतां १९४८ च्या डिसेंबरांत पंडित ठाकुरदास भार्गव यांनीं स्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या पोटकलमांत ‘रीझनेबल’ हा शब्द घालण्याची सूचना मांडली. शब्द लवचिक, पण त्यामुळें निर्बंध वाजवी आहे कीं नाहीं हें पाहणें न्यायालयाच्या हातीं आलें. त्याचें फळ लौकरच दिसलें. शेतीला मजूर मिळावेत म्हणून मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्याखालीं सागर जिल्ह्यांतील कांहीं गांवांत हंगामभर विड्या वळण्यास बंदी झाली होती. १९५० च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. हेतु बरा असेल. पण ज्यांच्यानें शेतांत राबवणारच नाहीं, अशा दुबळ्यांचीही भाकरी ती हिरावून घेत होती. १९५२ सालीं मुख्य न्यायाधीश पतंजलि शास्त्री यांनीं तर मोकळेपणानें कबूल केलें कीं, वाजवी काय हें ठरवितांना न्यायाधीशाचें स्वतःचें तत्त्वज्ञान व मूल्यांची श्रेणी आंत शिरल्यावांचून राहत नाहीं. म्हणूनच त्यानें संयम राखिला पाहिजे.

आमच्या मतें या कबुलींतच शब्दाचा खरा उपयोग आहे. ‘रीझनेबल’ हें माप नव्हे. तो एक करार आहे. जो हा शब्द उच्चारतो, त्यानें कारण देण्याचें ऋण अंगावर घेतलें, आणि तें कारण असें असावें कीं ज्याच्याविरुद्ध निर्णय झाला त्याच्यापुढेंही मांडतांना लाज वाटूं नये. ऋण न फेडतां शब्द वापरला, तर तो केवळ बलिष्ठाची सभ्य आज्ञा ठरतो. यापुढें कोणी आपल्याला ‘वाजवी तें बोला’ म्हणून बजावील, तेव्हां एवढेंच विचारावें: वाजवी कां? आणि आपण दुसऱ्यास बजावूं, तेव्हां त्यानें विचारण्यापूर्वींच सांगावें.