उंबऱ्याशी थांबलेला प्रश्न

मराठी घरात उंबऱ्याला मान आहे. त्यावर बसू नये, त्यावर उभे राहून देणेघेणे करू नये, सणाला त्यापुढे रांगोळी काढावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आल्यागेल्याची पारखही तिथेच होते. घरचे माणूस न विचारता आत येते. परके थांबते आणि काय काम आहे ते सांगते. शहराच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्याला हा उंबरा रोज भेटतो. त्याच्या हातात प्रश्नावली असते, पलीकडे एक बाई भाकरी थापता थापता उत्तरे देत असते. तिने खरे का सांगावे, आणि सांगितलेल्याचे पुढे काय होणार, या दोन प्रश्नांवर त्या अभ्यासाचा जीव अवलंबून असतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ मध्ये तो पुण्यात भडकला आणि प्लेग अधिकारी रँड यांच्या समितीने घरझडतीसाठी गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या लावल्या. देवघर म्हणू नका, स्वयंपाकघर म्हणू नका, त्यांना काही वर्ज्य नव्हते. परिणाम व्हायचा तोच झाला: लोक आजारी माणसाला लपवू लागले, आणि लपवलेल्या रोग्यामुळे रोगाला रान मोकळे मिळाले. अधिकारी कार्बोलिकने भिंती धुवत होते, गटारे साफ करत होते. त्याच वेळी लोकांच्या तोंडी एक साधा वाक्प्रचार होता, ‘उंदीर पडले.’ घरात उंदीर मेलेले दिसले की माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत उंदरावरच्या पिसवेचा दुवा प्रयोगाने दाखवला. उंदराची खूण घराघरांत ठाऊक होती; तिच्यातून पिसवेपर्यंत पोचायला प्रयोगशाळाच हवी होती. पण धाकाने ओलांडलेल्या उंबऱ्याआड कोणी कोणाला काही सांगत नाही.

१८९७ मध्येच, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना आपला मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या दारात आल्या की लोकांनी रोगी लपवला नसेल, कारण आपल्या माणसापासून कोणी लपवत नाही.

मुंबईत भायखळ्याच्या पदपथांवर तर उंबराच नव्हता. १९८५ मध्ये तिथल्या झोपड्यांवर हातोड्याची टांगती तलवार होती. पदपथावरच्या रहिवाशांना हटवण्यावरून चाललेल्या ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल त्याच वर्षीचा. शहराच्या लेखी ही माणसे म्हणजे अडथळा. स्पार्क या तरुण संस्थेने पदपथावरच्या कुटुंबांची गणती केली आणि अहवालाला नाव दिले ‘वुई, द इनव्हिजिबल’, म्हणजे ‘आम्ही, न दिसणारे’. या कामातून एकत्र आलेल्या बायकांची पुढच्या वर्षी ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. ज्यांना तोवर फक्त हटवण्यासाठी मोजले जात होते, त्यांनी स्वतःला राहण्यासाठी मोजले. आकडे मांडण्याची रीत तीच, पण हेतू बदलला की आकड्यांचा अर्थ बदलतो.

या मोजणीतून नुसते कागद निपजले नाहीत. १९९९ नंतर पुण्याच्या वस्त्यांमध्ये महापालिकेच्या पैशातून सामुदायिक शौचालये बांधली गेली, तेव्हा काहींच्या आराखड्यात महिला मिलनच्या बायकांचा शब्द होता. त्यांना माहीत होते की सकाळच्या रांगेत मोठी माणसे लहान मुलांना मागे ढकलतात. मोठ्यांच्या मापाच्या भोकात पडण्याची भीती असते, अंधाराची असते, म्हणून मूल बाहेर गटारावरच बसते. मग मुलांसाठी वेगळी जागा झाली: भोक लहान आणि तोल सावरायला पुढे धरायला दांडी. त्या एका दांडीत आरोग्यशास्त्राचा मोठा धडा आहे. जुलाबाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मूल रांगेतून का परतले, हे फक्त त्याच्या आईला दिसते.

म्हणून अभ्यास कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी ‘संशोधनाचा हक्क’ अशी कल्पना मांडली: आपल्या जगण्याविषयी नीट शोध घेता येणे हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. त्यांच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘पुकार’ या संस्थेने वस्तीतल्या मुलामुलींना संशोधक म्हणून घडवले. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कौला बंदरात, बंदर विश्वस्तांच्या जमिनीवरच्या अधिसूचित नसलेल्या वस्तीत, त्यांनी बाहेरच्या डॉक्टरांबरोबर पाण्याचा अभ्यास केला. मोटार आणि लांबलचक नळ्यांनी आलेले पाणी ही माणसे पालिकेच्या दराच्या पन्नास पटींहून जास्त पैसे मोजून घेत होती, आणि तरीही बहुतेक घरांत माणशी दिवसाला ५० लिटरसुद्धा मिळत नव्हते. असा हिशेब उकलायला घरचा माणूस लागतो. ‘दिवसाला किती लिटर पाणी वापरता?’ या प्रश्नाला बाईकडे उत्तर नसते. ती हंडे मोजते, ड्रम किती दिवस पुरला ते मोजते. शेजारची मुलगी तेच विचारते आणि लिटर नंतर काढते.

वस्तीचे ज्ञान पुरेसे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ड्रममधले नितळ पाणी डोळ्यांना शुद्धच वाटते. साठवणीत वाढलेले जंतू तपासणीतच सापडतात. शिवाय वस्ती म्हणजे एकमुखी माणूस नव्हे. पाणी विकणारा आणि विकत घेणारी एकाच गल्लीत राहतात, दोघांचे हित वेगळे. अशा वेळी बाहेरून आलेल्याची तटस्थता कामी येते. शास्त्राला घराची ओळख हवी आणि घराला शास्त्राची कसोटी. दोघांनी एकमेकांना दुरुस्त करावे, यालाच मी सहकार्य म्हणतो.

माझा आग्रह एवढाच आहे. ज्या दारात बसून उत्तरे घेतली, तिथे निष्कर्ष सगळ्यांत आधी पोचले पाहिजेत, त्या बाईच्या भाषेत, तिच्या हंड्यांच्या हिशेबात. तिने ‘हे चुकले’ म्हटले तर ते ऐकून घेतले पाहिजे. शोधनिबंध छापला म्हणून अभ्यास पुरा झाला, असे समजू नये. उत्तर घ्यायला ज्या उंबऱ्याशी आपण उभे राहिलो, तिथे उत्तर द्यायला परत जावेच लागते.