एक मूल, एक शिक्षक आणि कोरा रकाना

परवा एका परिसंवादात एका मान्यवर शिक्षणतज्ज्ञांनी समावेशक शिक्षणाचा निकाल लावून टाकला. म्हणाले, "इंग्लंडात बघा, कौन्सिल मुलाच्या दारात शिक्षक पाठवते. आपण मात्र पन्नासांच्या वर्गात एक स्वमग्न मूल बसवून स्वतःची पाठ थोपटून घेतो." टाळ्या पडल्या. पुराव्यादाखल अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांचे नाव आले. ते येणारच होते म्हणा. 1984 सालचा त्यांचा निबंध सांगतो की, एकास एक शिकवलेला सरासरी विद्यार्थी वर्गात शिकलेल्या 98 टक्के मुलांना मागे टाकतो. त्या प्रयोगांतली मुले सर्वसाधारण शाळांतली होती, विषय संभाव्यता आणि नकाशाशास्त्र होते आणि सगळा मामला तीन आठवड्यांचा होता, हे व्यासपीठावर कुणी सांगत नाही. संभाव्यता शिकायला एक जाणता माणूस पुरतो. पाळी येईपर्यंत थांबणे, भांडून पुन्हा खेळायला जाणे, हे शिकायला दुसरे मूल लागते.

आता ती कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक संस्था. इंग्लंडमधल्या 2014 च्या कायद्याचे कलम 61 म्हणते की, शाळेत शिकणे या मुलाला योग्य नाही अशी कौन्सिलची खात्री पटली, तर शाळेबाहेर सोय करता येते. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी कौन्सिल जो आराखडा बनवते, त्यात भाग 'एफ' मध्ये मदत लिहितात, भाग 'आय' मध्ये शाळेचे नाव. शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलाचा 'आय' कोरा राहतो आणि सगळी भिस्त 'एफ' वर येते. आठवड्याला किती तास, शिकवणाऱ्याची पात्रता काय, हे नेमके लिहावे अशी कायद्याची अपेक्षा. 'आवश्यकतेनुसार साहाय्य उपलब्ध राहील' असे लिहून सुटण्याची कौन्सिलची धडपड. आपल्या मंत्रालयातल्या कारकुनालाही ते वाक्य परके वाटू नये. आजारपणामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्यांसाठीच्या सरकारी सूचनांत तर एक सुरेख मखलाशी आहे: एकास एक शिकवणी जास्त सघन असते, म्हणून तास कमी चालतील. उरलेला दिवस मुलाने कुणाबरोबर काढायचा, हा प्रश्न सघनतेत विरघळून जातो.

शाळेच्या आतही एकास एक मदतीचे तेच. लंडनचे संशोधक पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटाने 2009 साली दाखवले की, वर्गातल्या शिक्षक-सहायकांची सोबत जितकी जास्त, तितकी मुलाची प्रगती कमी. यात सहायकांचा दोष नाही. ते शेजारी बसले की वर्गशिक्षक त्या बाकाकडे फिरकत नाहीत.

इथवर समावेशनाची माझी बाजू भक्कम आहे. पण मेरी वॉर्नॉक आडव्या येतात, आणि त्यांना डावलणे मला जमत नाही.

वॉर्नॉकबाई ऑक्सफर्डच्या, सार्त्रवर पुस्तक लिहिलेल्या तत्त्वज्ञ. मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना घोषित झालेल्या समितीच्या त्या अध्यक्ष झाल्या. 1978 च्या त्यांच्या अहवालाने व्यंगांची जुनी वर्गवारी बाजूला सारली आणि मुलाला शिकायला काय लागेल ते विचारायला सांगितले; पाचांतल्या एका मुलाला कधी ना कधी अशी मदत लागेल, हेही मांडले. जगभर समावेशनवाद्यांनी त्यांना आपली मानली. आणि 2005 साली, ऐंशी ओलांडलेल्या या बाईंनी एक पुस्तिका लिहून आपल्याच वारशावर हत्यार उपसले. मोठ्या, गोंगाटी शाळेत बसवलेले स्वमग्न मूल तिथे फक्त शरीराने असते. एका छपराखाली असणे म्हणजे सामील असणे नव्हे. काहींना छोट्या, खास शाळाच हव्यात. त्यांचे जुने चाहते संतापले. मला मात्र ही पुस्तिका अहवालापेक्षा थोर वाटते. तत्त्व तेच राहिले, फक्त त्यांनी ते एका घाबरलेल्या मुलाच्या शेजारी ठेवून तपासले.

म्हणून मला माझे 'दुसरे मूल लागते' हे वाक्य बदलावे लागते. शाळेच्या फाटकाशी उलटी करणाऱ्या मुलीला काही महिने एकाच शांत शिक्षिकेबरोबर वाचनालयाच्या कोपऱ्यात बसू द्यावे; तिला तिथून ओढून वर्गात नेणारा समावेशनवादी निर्दय आहे. पण वॉर्नॉकबाईंनी घरातली एकटी खोली मागितली नव्हती, छोटी शाळा मागितली होती. शाळा उभारायला वर्षे आणि पैसा लागतो, शिकवणी एजन्सीच्या एका फोनवर मिळते. इंग्लंडमध्ये विशेष गरजांच्या मुलांचे आराखडे, त्यांच्या आधीचे जुन्या पद्धतीचे दस्तऐवज धरून, 2015 साली सुमारे 2 लाख 40 हजार होते, 2025 च्या जानेवारीत 6 लाख 38 हजार झाले. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2024 साली ही व्यवस्था आर्थिकदृष्ट्या टिकणारी नाही असा शेरा मारला. कौन्सिलच्या निर्णयांविरुद्ध लवादापुढे निकालापर्यंत गेलेल्या 95 टक्क्यांहून अधिक दाव्यांत पालकांची सरशी होते. आमच्या तज्ज्ञांनी दाखवलेला तो दारातला शिक्षक पुष्कळदा असा भांडून मिळवलेला असतो.

आपल्या शिक्षण हक्क कायद्यातही 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क आला. तिकडे खात्री कौन्सिलची पटावी लागते. इथे निवड, कागदावर तरी, मुलाची आहे. तेव्हा 'घरीच शिकवू' असे साहेबांनी परस्पर ठरवले असेल, तर पालकांनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: विशेष शिक्षक आठवड्याला किती तास येणार, आणि मुलाला गावातल्या शाळेत महिन्यातून किती वेळा नेणार. नकार मिळाला, तर तोही लेखी घ्यावा.