तेलसाठा आणि माहुलगाव

संरक्षण उद्योगाची पुरवठा साखळी म्हटली की इंजिने, सुटे भाग, दारूगोळा आठवतो. पण इंधन नसेल तर युद्धनौका धक्काही सोडत नाही. मुंबईचे दोन्ही तेलशुद्धीकरण कारखाने माहुल परिसरात आहेत. १९५४-५५ साली ते परदेशी कंपन्यांनी उभारले. १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा ते शुद्ध करायला या कंपन्यांनी नकार दिला. जमीन आपली, पण निर्णय परक्यांचा. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल या कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. मालकीचा प्रश्न सुटला, शेजाराचा राहिला. त्याच्या दोन बाजू निवृत्त नौदल अधिकारी आणि माहुलचा कोळी यांच्या संवादातून मांडता येतात.

अधिकारी : दादा, जेट्टी, टाक्या, पाइपलाइन जवळ आहेत म्हणून इंधन वेळेवर मिळतं. युद्धात लांबून आणायला सवड कुठली?

कोळी : खरंय साहेब. पण धूर आम्ही गिळायचा, खाडीतली मासळी आमची गेली. देशरक्षणाच्या खर्चात हे कुठं धरलंय?

अधिकारी : झळ जवानही सोसतो.

कोळी : तो भरती होतो. त्याला पगार आहे, पेन्शन आहे. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून इथं आणून टाकलेल्यांना कुणी विचारलं होतं?

अधिकारी : साठा हलवला तर पुरवठ्यात खंड पडेल.

कोळी : आणि सगळा एकाच जागी ठेवला तर? ७१ साली कराचीत काय झालं?

हा शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला, त्यात किमारीच्या तेलटाक्या पेटल्या. एकवटलेला साठा शत्रूला सोपा पडतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथे खडकातील भुयारांत ५३.३ लाख टन कच्चे तेल साठवण्याची सोय झाली आहे. म्हणजे विखुरलेला साठा सुरक्षिततेच्या आड येत नाही. कारखाना मात्र एका रात्रीत हलत नाही, इथे अधिकाऱ्याचे म्हणणे खरे ठरते.

उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये माहुलमध्ये आणलेल्या विस्थापितांना अन्यत्र घर, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडे देण्यास सांगितले. हरित लवादाने २०२० मध्ये प्रदूषणाबद्दल कंपन्यांना दंड ठोठावला. कारखाना इथेच राहणार असेल, तर शुद्ध हवा आणि पुनर्वसन यांचा खर्च इंधनाच्या किमतीतच धरायला हवा. तो माहुलकरांच्या फुप्फुसांवर टाकणे अन्याय आहे.